कोरडा भराव

आमची भिंत पडली नाही, झुकली. माथ्यावरून सोडलेला ओळंबा पायथ्यापासून वीतभर पुढे लोंबायला लागला. दोन वर्षंही झाली नव्हती बांधून.

मुळशी जलाशयाच्या काठाला आमची थोडी जमीन आहे. दर पावसाळ्यात तिचा कडेचा घास जायचा, म्हणून तीन मीटर उंचीची काँक्रीटची संरक्षक भिंत घातली. ड्रॉइंग मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. सळ्या किती जाडीच्या, किती अंतरावर, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, सगळं विचारलं. ओतायच्या दिवशी साइटवर उभं राहून सळ्या मोजल्यासुद्धा. त्यात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत होतं: भराव कोरडा धरला आहे. ती ओळ मी वाचली होती. मला ती माती भरतानाची एक सूचना वाटली. सगळं गणित तिच्यावरच उभं होतं.

मुळशीत, आणि कोरडा भराव! ताम्हिणीचा पाऊस उतरतो त्या डोंगराच्या पायथ्याशी. नंतर कळलं की हे डिझाइन सपाटीवरच्या कुठल्याशा प्लॉटसाठी केलेलं होतं, नुसतं नाव बदलून आमच्या हाती आलं.

नंतर दुसऱ्या इंजिनिअरने वहीच्या पानावर मला हिशोब मांडून दाखवला. निचरा होणारी कोरडी माती तीन मीटरच्या भिंतीला, लांबीच्या दर मीटरमागे, साधारण पावणेतीन टनांनी रेटते. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला की रेटा सहा टनांच्या घरात जातो. गंमत अशी की मातीचा स्वतःचा वाटा तेव्हा कमी होतो, कारण पाण्यात ती हलकी होते. पण एकटं पाणीच साडेचार टनांनी ढकलतं. मातीचे कण एकमेकांना धरून तरी राहतात, पाणी कशालाच धरत नाही.

आणखी एक समजूत मोडली. मला वाटायचं, धोका तलाव भरल्यावर. पण मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जातं. त्यामुळे उन्हाळाभर तलाव मागे सरतो आणि जूनमध्ये काठ उघडा पडलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात डोंगराचं पाणी भिंतीमागे तुंबतं, समोर मात्र टेकायला काही नसतं. आमची भिंत झुकली ती जुलैच्या सुरुवातीला, तलाव अजून खाली असताना. तो भरून भिंतीला लागला असता तर त्याने उलट आधारच दिला असता. अर्थात भरलेला तलाव पायाखालची माती भिजवतो, लाटांनी पायथा खातो. म्हणून डिझाइन करणाऱ्याला पहिला प्रश्न सळ्यांचा विचारू नका. समोर पाणी किती आणि मागे किती धरलंय, ते विचारा. तलाव रिकामा असताना, भरलेला असताना आणि भरून ओसरताना, असे तिन्ही हिशोब कागदावर मागा. एकच आकडा सांगितला तर ड्रॉइंग परत करा.

पाणी जायला भोकं ठेवली नव्हती का? होती की! पीव्हीसीचे तुकडे रांगेने बसवले होते. पाहणीच्या वेळी एकात सळई घातली तर आतून सिमेंटच्या गोणीचा बोळा निघाला. "साहेब, तोंडं बुजवली नाहीत तर काँक्रीट शिरतं ना," मिस्त्री म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. ते बोळे नंतर काढायचं काम कुणाचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. जी भोकं मोकळी होती त्यांच्यामागे खोदाईची लाल मातीच परत लोटलेली होती. तिने ती लिंपून टाकली. भोकांमागे खडीचा थर आणि माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड हवंच. ते घालतानाचे फोटो काढा, कारण भराव झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.

पायाबद्दल फार सांगत नाही. कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणून पाहा, आणि तेही एकाच ठिकाणी नाही.

एक गोष्ट मात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. मजुरांची खोपटी आमच्याच भिंतीखाली होती, वारा लागत नाही म्हणून. पुण्यात कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पावसात भिंत कोसळली आणि तिच्याखालच्या झोपड्यांतले १५ जण गेले, हे मी पेपरात वाचलेलं होतं. तरी ती खोपटी रोज पाहूनही मला दिसली नाहीत.

आता अर्धा भराव काढून तिथे पायरी केली आहे, मागे खडी घातली आहे, माथ्याला चर खणलाय. भिंत झुकलेलीच आहे. माथ्याला कायमचा हूक ठोकलाय. पावसाआधी आणि दसऱ्यानंतर ओळंबा सोडून अंतर वहीत लिहितो. पाऊस चालू असताना छत्री घेऊन भोकं पाहायला जातो. मुसळधार पावसात भोक कोरडं असेल तर ते बुजलंय; लाल पाणी येत असेल तर मागची माती वाहून चाललीय; स्वच्छ धार लागली की बरं वाटतं. गेल्या जुलैत पाचव्या भोकातून लाल पाणी आलं. दिवाळीनंतर तेवढा भाग पुन्हा उकरायचा आहे.