चौकटीचा चौथा कोपरा

धर्मापुरी

चि. भाच्यास,


तसबिरींच्या लाकडी चौकटी स्वतः बनवायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र त्यासाठी आधी कोन कापायचं यंत्र घ्यायचं म्हणतोस, ते पटत नाही. करवत, छोटा रंधा, पटाशी, गुण्या आणि फूटपट्टी एवढ्यावर उत्तम चौकट होते. हत्यारं कमी पडली म्हणून चौकट बिघडत नाही, मोजमाप खोटं निघालं म्हणून बिघडते. हिशेब करून बघ. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक काप 45 ऐवजी साडेचव्वेचाळीस अंशांचा झाला, तर तीन कोपरे घट्ट बसतील आणि सगळी चूक चौथ्यात उतरेल, म्हणजे पूर्ण 4 अंश. इंचभर रुंद पट्टीला तिथे सुमारे अडीच मिलिमीटरची फट पडते. यंत्राचा काटा अर्धा अंश सरकलेला असला, तर तेही हीच फट पाडणार, फक्त लवकर पाडेल.

तेव्हा आधी गुण्याच तपासून घे. सरळ कडेच्या फळीवर त्याने रेघ ओढ, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढ. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्याच काटकोनाच्या दोन्ही भुजांवर सारखं अंतर मोजून टोकं जोडलीस की 45 अंश मिळाले. त्या रेघेवर एका पाटाला आडपट्टी पक्की बसव. करवतीने काप किंचित जास्त ठेवायचा, मग पट्टी त्या आडपट्टीला टेकवून, रंधा कुशीवर आडवा सरकवत टोक कागदासारखं पातळ तासत जायचं. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकत्र धरून लांबी सारखी कर. कोन बरोबर असले तरी एक बाजू मिलिमीटरभर आखूड पडली, तर कोपरा मिटत नाही. याकडे नवशिक्यांचं हमखास दुर्लक्ष होतं.

फट राहिली तर भुसा आणि फेव्हिकॉल भरू, असं तू म्हणशील. पण तिरप्या कापात लाकडाचे तंतू उघडे पडतात, ते सरस पिऊन टाकतात आणि सांधा आधीच कमजोर असतो. भरलेल्या फटीत तर लाकूड लाकडाला भिडतच नाही. आपल्या धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या भिंती जवळून पाहा. चालुक्यांच्या काळात अशी देवळं चुन्याशिवाय उभी राहिली, कारण दगडाच्या कडा एकमेकींना बसतील इतक्या तासलेल्या होत्या. तू आधी टोकांना पातळ सरसाचा हात देऊन सुकू दे, मग जोड, आणि वाळल्यावर कोपऱ्यात आडवी खाच पाडून पातळ चिप बसव. ती चिपच खरा भार धरते. दाबून ठेवताना दोन्ही कर्ण मोजायला विसरू नकोस.

लाकडाचा स्वभावही ध्यानात घे. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पट्टी आकसली की सांधा आतल्या बाजूने उघडतो, पावसाळ्यात फुगली की बाहेरून. म्हणून सुरुवातीला पट्टी अरुंदच घे. जुन्या दाराचं किंवा तुळईचं सागवान मिळालं तर सोडू नकोस, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त आतले खिळे शोधून काढ, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. काच बसवायची खाच कोरायला वेगळं हत्यारही नको: रुंद पट्टीच्या पाठीमागे बाहेरच्या कडेला धरून अरुंद पट्टी चिकटवली की खाच आपोआप तयार.

परळी-अंबाजोगाईच्या दुकानात तयार चौकट स्वस्त मिळते, हे खरं. घाई असेल तर जरूर आण. पण ती ठरावीक मापांची, पुष्कळदा भुशाच्या दाबलेल्या पट्टीची, आणि ओल लागली की फुगणारी. शिवाय घाईच्या कामात चित्र थेट काचेला चिकटवलेलं असतं. 1894 साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाल्यावर देवादिकांची चित्रं घरोघरी गेली, आणि अशा जुन्या चित्रांचा रंग काचेला चिकटून निघालेला अजूनही दिसतो. स्वतः करताना चित्र आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालायची सोय तुझ्या हातात असते, तसंच काचेभोवती दोनेक मिलिमीटर मोकळे ठेवायचीही.

पहिली चौकट सहा बाय आठ इंचांचीच घे. यंत्राचे पैसे सध्या राहू देत. त्यातून पात्याला धार लावायला एक चांगला धारदगड आण, कारण बोथट रंध्याने टोक तासलं जात नाही, फाटतं.

तुझा,
मामा