पोर घोरतंय, जरा दिवा लावून बघा

‘खेळून दमलाय, म्हणून घोरतोय.’ फलटणपासून जतपर्यंत कुठल्याही घरी जा, हे कौतुकानं सांगतात. सर्दी नसताना लेकरू आठवड्यातल्या तीन-चार रात्री घोरत असेल, तर मात्र ते कौतुक आवरा. श्वासाची वाट कुठंतरी अडतेय. झोपेत असा श्वास वारंवार अडू लागला, तर डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

पहाटे तीन-चारला एकदा बघा. स्वप्नं पडणारी झोप पहाटेकडे वाढते आणि मुलांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. रात्रीच्या लायटीवर मोटर चालू करायला उठणारच असाल, तर जाता जाता पोराचं बनियन वर करा. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, उशी घामानं ओली. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जाते. मग घोरणं एकदम थांबतं. छाती हलते, पण नाकातोंडातून हवा येत नाही. काही क्षणांनी पोर दचकून मोठा श्वास घेतं आणि कूस बदलतं. मोबाइलवर दोन मिनिटं हे टिपून ठेवा. दवाखान्यात ते टक्क जागं असतं. तिथं काय दिसणार?

बहुतेक वेळा नाकामागचे अ‍ॅडेनॉइड आणि घशातले टॉन्सिल वाढलेले असतात. दोन ते आठ हे वय त्याचं. मोठी माणसं अशा रात्रीनंतर दिवसा पेंगतात, मुलं मात्र उलट चुळबुळतात, चिडतात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, अंगाला अन्न लागत नाही. शाळेतल्या बाईंची तक्रार आली की आपण पोरालाच रागावतो. तोंडानं श्वास घेणारी, मंद वाटणारी अशी मुलं विल्यम ऑस्लरनं १८९२ च्या वैद्यकग्रंथात वर्णिली होती, म्हणजे हे मोबाइलच्या जमान्यातलं खूळ नव्हे. दवाखानाही आपल्याला नवा नाही; मिरजेत डॉ. वान्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. उपचारासाठी कर्नाटकातून माणसं मिरजेला येतात, आणि आपल्याला घोरण्यासाठी डॉक्टर गाठायचं सुचत नाही! निदान अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीचं पथक येईल तेव्हा तरी सांगा.

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीनं किंवा एक्स-रेनं अ‍ॅडेनॉइड बघतात. शंका उरली, मूल फार लहान, फार जाड किंवा आणखी कुठल्या आजाराचं असेल, तर रात्रभराची स्लीप स्टडी करतात. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे मोठ्यांत चालवून घेतात. मुलांत एकाच्या वर गेले की दखल घ्यायची.

त्रास सौम्य असेल तर काही महिने नाकातला स्प्रे देऊन बघतात. घरात विडी-सिगारेट बंद, पाचट पेटवलेल्या फडाजवळ पोराला नेणं बंद. झोपेचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, तोंडाला चिकटपट्टी तर मुळीच नको.

बाकीच्यांना ऑपरेशन. ‘टॉन्सिल काढले की पोर सारखं आजारी पडतं’ ही भीती सोडा; शरीराचं रक्षण करायला बाकीच्या ग्रंथी असतात. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी सुधारून नॉर्मल झाली होती; नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४६ टक्के. म्हणजे सौम्य त्रासात थांबण्यातही अर्थ असतो. वागणं सुधारलं, पण एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. तेव्हा स्कॉलरशिपचे मार्क वाढतील म्हणून ऑपरेशन करू नका, रात्रीच्या श्वासासाठी करा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना रात्रीचं सगळं आधी सांगा. नंतरचे दहा-बारा दिवस जत्रा नको, लांबचा प्रवास नको. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. जाड मुलाचं घोरणं ऑपरेशननंतरही उरलं, तर पुन्हा स्लीप स्टडी करून घ्या. काहींना रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र लावावं लागतं.