आयसीयूची पहिली नोकरी: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बाहेर पडलेल्या अनेकांना आयसीयू, एनआयसीयू किंवा ओटीच हवी असते. जाहिरातीतलं ‘अनुभव आवश्यक’ वाचून ते खचतात आणि दिसेल त्या सर्टिफिकेटवर पैसे घालत सुटतात. घरच्यांनी आधीच कर्ज काढून शिकवलेलं असतं. म्हणून हा हिशेब.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी टाळता येत नाही. निकाल लागताच अर्ज करा. नोंदणी क्रमांकाशिवाय नर्स म्हणून रुजू होता येत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा ते शिकतानाच घ्या.

त्यानंतर बीएलएस. मान्यताप्राप्त केंद्रात एका दिवसाचं प्रशिक्षण, साधारण अडीच ते चार हजार रुपये. कार्ड दोन वर्षं चालतं. हा खर्च जरूर करा. एसीएलएसला याहून बरेच जास्त लागतात. मॉनिटरवरच्या ऱ्हिदम रोज पाहायला मिळत नसतील तर ते शिकलेलं लवकर विसरतं, त्यामुळे फ्रेशरने स्वतःच्या खिशातून ते करायची घाई करू नये. एनआयसीयू हवं असेल तर नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचं, म्हणजे एनआरपीचं, प्रशिक्षण जास्त कामाचं.

मुलाखतीच्या तयारीला पैसे लागत नाहीत, सराव लागतो. इन्चार्ज सिस्टर विचारतील: 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम नॉरअॅड्रिनलिन आहे, मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम द्यायचं, तर पंप कितीवर लावाल? एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम, तासाला लागतात 300, म्हणजे 3.75 मिली. हे कागदावर न अडखळता मांडणाऱ्या फ्रेशरकडे अनुभव नसला तरी लक्ष जातं. एबीजीचा रिपोर्ट वाचणं, क्रॅश कार्टमधली औषधं आणि हँडओव्हर यांचीही अशीच तयारी करा.

थेट आयसीयू मिळालं नाही तर त्याच रुग्णालयात एचडीयू किंवा वॉर्ड घ्या आणि आयसीयूत बदली कधी होईल ते नेमणूकपत्रात लिहून मागा. एका नर्सकडे व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण असतात, हेही विचारा. प्रमाण एकास एक असायला हवं. नवख्या नर्सवर असे तीन रुग्ण सोपवणारी जागा पगार चांगला असला तरी नाकारा. तिथे रुग्णाचा जीव आणि तुमची नोंदणी, दोन्ही धोक्यात येतात.

सरकारी वाट हवी असेल तर एम्सची नॉरसेट परीक्षा आहे. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला शुल्क 3,000 रुपये. सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतन 44,900 पासून. नागपूरचं एम्सही याच परीक्षेतून भरती करतं.

सगळ्यात महाग पडतो तो बाँड. मुदत किती, मध्येच सोडल्यास रक्कम किती, प्रशिक्षणकाळात पूर्ण पगार मिळणार का, हे सहीआधी वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 2016 मध्ये खासगी नर्सना किमान 20,000 रुपये पगाराची शिफारस केली होती. ती शिफारसच आहे, पण बोलणी करताना तिचा आधार घ्या. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका, आणि मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवा, ठेवायला देऊ नका.