विश्वास : कारभाराचा पाया

प्रमुख कितीही कर्तबगार असला तरी तो एकाच वेळी सर्व ठिकाणी उपस्थित राहू शकत नाही. म्हणूनच ज्या सहकाऱ्यांवर तो अधिकार सोपवितो, त्यांच्याशी असलेले विश्वासाचे नाते हा कारभाराचा पाया ठरतो. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात सतराव्या शतकात घडलेला इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसविणारा मलिक अंबर गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सूत्रधार बनला. मोगलांच्या प्रचंड फौजेला त्याने गनिमी काव्याने तोंड दिले. शत्रूची रसद तोडणाऱ्या लहान तुकड्या नजरेआड लढत असत. जागच्या जागी निर्णय घेणाऱ्या मराठा सरदारांवर भिस्त ठेवल्यावाचून हे तंत्र यशस्वी होणे शक्य नव्हते. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव झाला. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी मोठा पराक्रम गाजविला.

परंतु विश्वास संपादन करणे आणि तो टिकविणे या भिन्न गोष्टी आहेत. या विजयानंतर लवकरच शहाजीराजे आदिलशाहीत गेले. १६२६ मध्ये अंबर निवर्तल्यावर ते निजामशाहीत परतले; पण दरबारात संशय बळावत गेला. १६२९ मध्ये शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव यांची दौलताबादच्या दरबारात पुत्रांसह हत्या करण्यात आली. घाव एका घराण्यावर पडला. धास्ती मात्र सर्वांनीच घेतली. शहाजीराजे मोगलांकडे गेले. अंबरचा पुत्र फतेहखान याला निजामशहाने कैदेत टाकले होते. गरज पडताच त्याला सोडून अधिकार दिला; त्याच फतेहखानाने निजामशहाचा जीव घेतला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. मोगलांचे सामर्थ्य व दुष्काळ ही कारणे होतीच. तथापि, माणसे आधीच दुरावली होती.

सरपंच व उपसरपंच, मुख्याध्यापक व सहशिक्षक, कार्यालयप्रमुख व कर्मचारी यांनाही यातून बोध घेता येईल. सोपविलेल्या अधिकाराच्या मर्यादा आरंभीच स्पष्ट कराव्यात आणि त्या मर्यादेत सहकाऱ्याला मोकळीक द्यावी. यशाचे श्रेय चारचौघांत द्यावे. तक्रार आल्यास संबंधिताची बाजू ऐकल्याखेरीज निर्णय घेऊ नये. सहकाऱ्यानेही अडचण व चूक वेळीच वरिष्ठांच्या कानी घालावी. एकाला मिळालेली वागणूक इतर सर्व जण पाहत असतात, याचे भान प्रमुखाने सदैव ठेवले पाहिजे.