पियानोवरील चित्रे आणि वाद्यवृंदाचे रंग

पियानोची पट्टी दाबली की आतील लहानशी हातोडी तारेवर आघात करते, आणि त्याच क्षणापासून स्वर ओसरू लागतो. तो मागाहून फुगविता येत नाही. व्हायोलिनचा गज किंवा वादकाची फुंक मात्र स्वर धरूनही ठेवते आणि वाढवितेही. म्हणून पियानोची रचना वाद्यवृंदासाठी बांधणे म्हणजे दहा बोटांचे काम पुष्कळ माणसांत वाटून देणे नव्हे. त्यात काय मिळते व काय हरवते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू.

रशियन संगीतकार मोदेस्त मुसोर्ग्स्की (१८३९–१८८१) याचा मित्र, वास्तुशिल्पी व चित्रकार व्हिक्तोर हार्टमान, १८७३ साली ऐन उमेदीत वारला. पुढील वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ते पाहून मुसोर्ग्स्कीने १८७४ मध्ये ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही पियानोरचना लिहिली. तीत दहा चित्रे आहेत, आणि मधूनमधून प्रेक्षकाच्या चालण्याची एक धून येते. रचना छापली गेली ती मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८६ साली, रिम्स्की-कोर्साकोव्ह याच्या संपादनाखाली.

तिच्यावर वाद्यवृंदाचा साज अनेकांनी चढविला. सर्वांत गाजला तो फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल याचा. वाद्यवृंदसंचालक सर्ज कुसेवित्स्की याच्या मागणीवरून तो १९२२ साली सिद्ध झाला व त्याच वर्षी पॅरिसमध्ये वाजला.

‘जुना किल्ला’ या चित्रात किल्ल्यासमोर एक गवई गात आहे. पियानोवर खाली खर्जाचा एकच स्वर तंबोऱ्यासारखा अखंड चालतो आणि वर गाणे उमटते. पण ते गाणे आहे, हे वादकाला सुचवावेच लागते. राव्हेलने ते सॅक्सोफोनला दिले. अभिजात वाद्यवृंदात हे वाद्य क्वचितच दिसते. त्याच्या दमदार फुंकीने गवई खरोखरच गाऊ लागतो. येथे राव्हेलला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

‘बिड्लो’ विषयी मात्र आमचे मत निराळे आहे. या पोलिश शब्दाचा अर्थ गुरेढोरे. चित्र आहे अवजड बैलगाडीचे. मुसोर्ग्स्कीने ते आरंभापासूनच पूर्ण जोराने वाजवावयास सांगितले होते. छापील आवृत्तीत हा आरंभ हळुवार करण्यात आला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती १९३१ मध्ये निघाली, तेव्हा राव्हेलपुढे बदललेलाच पाठ होता. त्याच्या रचनेत ट्यूबाच्या घोगऱ्या स्वरात गाडी दुरून येते, जवळून गडगडत जाते आणि दिसेनाशी होते. चित्र सुरेख खरे. परंतु मुसोर्ग्स्कीची गाडी एकदम अंगावर येते आणि तिचा भार पहिल्या ठोक्यालाच जाणवतो. तो धक्का आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

शेवटचे चित्र कीव्हच्या भव्य दरवाजाचे. हार्टमानने आराखडा काढला, पण दरवाजा कधीच बांधला गेला नाही. राव्हेलने येथे पितळी वाद्ये, खऱ्या घंटा आणि मोठी झांज यांचा कल्लोळ उभा केला आहे. तो ऐकून कोणाचेही भान हरपेल. तरीही हा भाग एकदा एकट्या पियानोवर अवश्य ऐकावा. घंटेचा नादही आघातातूनच जन्मतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनच्या लांबविलेल्या स्वरांपेक्षा हातोडीची तार त्या घंटेच्या अधिक जवळची आहे.