गेलेली वाचा शिकवणारी माणसे

अर्धांगाचा झटका आला की कुणाकुणाची वाचा जाते. जीभ असते, कान असतात, पण शब्द सापडत नाही. 'पाणी' म्हणायचे असते आणि तोंडून 'वाटी' निघते. याला वाचाघात म्हणतात. असा माणूस वेडा झालेला नसतो. त्याला बाहेरची बाधाही नसते.

मग होते काय? पॅरिसमध्ये ब्रोका नावाचे डॉक्टर होते. १८६१ साली त्यांनी एक रोगी पाहिला. त्याला 'तान' एवढेच बोलता येई. तो वारल्यावर त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूस इजा होती. बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार डाव्या मेंदूकडे असतो. उजवा हातही तोच हलवतो. म्हणून पुष्कळदा दोन्ही एकदम जातात.

गेलेली वाचा पुन्हा शिकवतात ते वाचातज्ज्ञ. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ साली त्यांचे शिक्षण सुरू झाले. ते चित्र दाखवून नाव म्हणवून घेतात. कुणाला बोलता येत नाही, पण आरती म्हणता येते. मग सुरावर शब्द बसवतात. हे काम महिनोन् महिने चालते.

निम्मे काम घरच्यांचे. हळू बोला, ओरडू नका. 'चहा हवा का?' असे सोपे विचारा. उत्तराला वेळ द्या. शेतीभातीच्या गोष्टीत त्याचे मत घ्या.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देतात. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून निघायचे, तर घटकाभरही दवडू नये.

प्रश्न : वाचा गेलेल्या माणसाशी कसे बोलावे?