उपाहारगृहातील शिस्त आणि न्याय

महाबळेश्वर, लोणावळा, शिर्डी यांसारख्या स्थळी हंगामात व सणावारी गर्दी उसळते. उपाहारगृहात त्या वेळी कामाची एकच घाई होते. मागणी चुकते, कपबश्या फुटतात, ग्राहक रागावतो आणि दोष वेटरच्या माथी येतो. अशा घाईत पर्यवेक्षकाने दिलेल्या शिक्षेवर एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च अवलंबून असतो.

आधी विचारणा, मग निर्णय

समजा, रात्रपाळीत डझनभर कपबश्या फुटल्या. त्यांची किंमत सर्व वेटरांच्या पगारातून सारखी कापून घेणे सोयीचे खरे. परंतु ते कायद्याला धरून नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे, वस्तू ज्याच्या ताब्यात सोपविली होती व ज्याच्या हयगयीमुळेच ती नष्ट झाली, त्याच्याच वेतनातून भरपाई घेता येते. तीही नुकसानीच्या रकमेपुरतीच. दंड हा वेगळा प्रकार आहे. एका वेतन कालावधीत तो वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागते. दोन्ही बाबतींत कामगाराला बाजू मांडण्याची संधी आधी दिली पाहिजे. फरशी ओली होती, ट्रॉलीचे चाक मोडले होते किंवा वेटर सलग दुसऱ्या पाळीत राबत होता, असे आढळले तर दोष व्यवस्थेचा ठरतो.

शिक्षेचे प्रमाण

किरकोळ चुकीस प्रथम तोंडी समज व नंतर लेखी ताकीद पुरेशी असते. ती ग्राहकांसमोर न देता एकांतात द्यावी. उशिरा येणाऱ्या कॅप्टनला माफी आणि भांडी घासणाऱ्याला खाडा, असा पक्षपात शिस्तीचा पायाच खचवितो. चोरी, मारहाण यांसारख्या आरोपांत लेखी आरोपपत्र, खुलाशास मुदत व चौकशी आवश्यक असते. तक्रार करणाऱ्यानेच चौकशीस बसू नये. शासकीय सेवकाला बडतर्फीपूर्वी सामान्यतः चौकशीचे संरक्षण देणारा संविधानाचा अनुच्छेद ३११ खाजगी उपाहारगृहास लागू नाही. परंतु त्यामागील नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तेथेही तितकेच मोलाचे आहे.

खेड्यांतील अनेक तरुण या व्यवसायात उमेदवारी करतात. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे नियम त्यांना गाव सोडण्यापूर्वीच समजावून दिले, तर पगारातील अन्यायकारक कपात त्यांना मुकाट्याने सोसावी लागणार नाही.